बदलानंतरची सुरक्षा : यवतमाळ जिल्ह्यातील उद्योग आणि संरक्षक यंत्रणांचे पुनर्मूल्यांकन

यवतमाळ जिल्हा कापसासाठी ओळखला जात असला, तरी त्याच्या पूर्व भागात वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत दगडी कोळसा व चुनखडी या दोन खनिजांनी एक वेगळे औद्योगिक जग उभे केले आहे. वणी तालुक्यात उकणी, मुंगोली, निलजई, कोलारपिंपरी अशा खाणींतून वेस्टर्न कोलफिल्ड्स कोळसा काढते. राजूरच्या परिसरात चुन्याच्या भट्ट्या आहेत. झरी जामणी तालुक्यात मुकुटबन येथे बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा वार्षिक ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना २०२२ मध्ये उत्पादनात आला. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, दारव्हा या गावांभोवती जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आहेत, तर उमरखेड तालुक्यात पोफाळीला साखर कारखाना आहे. या उद्योगांचा कच्चा माल वेगळा आणि पक्का मालही वेगळा. तरीही प्रत्येक ठिकाणी यंत्रांच्या शेजारी आणखी एक यंत्रणा उभी असते. तिचे काम उत्पादन करणे नसून वेळ आल्यास उत्पादन थांबवणे हे असते. कारखान्यात फेरबदल झाल्यावर ही यंत्रणा पूर्वीइतकीच विश्वासार्ह राहिली आहे का, हे शास्त्रशुद्ध रीतीने कसे तपासावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम नियंत्रण आणि संरक्षण यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. भट्टीचे तापमान, बाष्पकाचा दाब, पट्ट्यावरून वाहणाऱ्या मालाचे प्रमाण या राशी इष्ट मर्यादेत ठेवणे हे नियंत्रण यंत्रणेचे काम असते. ती अहोरात्र कार्यरत असते आणि तिच्यात बिघाड झाला तर उत्पादन बिनसते, त्यामुळे तो लगेच लक्षात येतो. संरक्षक यंत्रणा मात्र महिनोन्महिने निश्चल असते. मर्यादा ओलांडली गेली तरच तिने जागे व्हायचे आणि संयंत्र सुरक्षित अवस्थेत न्यायचे. कामगार याला ‘ट्रिप’ म्हणतात आणि ज्या अटींमुळे ट्रिप होते त्या जोडणीला ‘इंटरलॉक’. तिच्यातील बिघाडाची रोजच्या कामात कसलीच चाहूल लागत नाही. निकामी झालेली संरक्षक यंत्रणा आणि सुस्थितीतील संरक्षक यंत्रणा बाहेरून अगदी सारख्याच दिसतात. या शास्त्राची सारी उभारणी याच एका अडचणीतून झाली आहे.

संरक्षक यंत्रणांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग निव्वळ यांत्रिक साधनांचा. बाष्पकाची सुरक्षा झडप, पाणी आटल्यावर वितळणारे बूच म्हणजेच फ्युजिबल प्लग, कोळशाच्या भुकटीच्या स्फोटात आधी फाटून दाब मोकळा करणारी स्फोटपटले, हॉलेजच्या रुळांवर सुटलेली टब अडवणारा स्टॉप ब्लॉक, ही सर्व या वर्गात येतात. दुसरा वर्ग विद्युत साधनांचा. पट्टावाहकाच्या कडेने बांधलेली पुल कॉर्ड, पट्टा घसरल्याचे सांगणारा शून्यगती स्विच, भूगळती होताच पुरवठा तोडणारा रिले ही त्याची उदाहरणे होत. तिसरा वर्ग प्रोग्रॅमक्षम इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचा असून, तिथे निर्णय संगणकीय आज्ञावलीतून घेतला जातो. वर्ग कोणताही असो, प्रत्येक संरक्षक कार्यात तीन कड्या असतात. धोका ओळखणारा संवेदक, निर्णय घेणारा तर्क घटक आणि प्रत्यक्ष कृती करणारा अंतिम घटक, म्हणजे झडप, दमकळा (डॅम्पर) किंवा मोटारीचा स्विच. या तीन कड्या मिळून एखाद्या ठरावीक धोक्यापासून जे संरक्षण देतात, त्याला कार्यात्मक सुरक्षा म्हणतात. म्हणजे मूल्यमापन एकेका उपकरणाचे करून भागत नाही. ते त्या संपूर्ण कार्याचे करावे लागते.

हे कार्य किती भरवशाचे असावे, यासाठी सुरक्षा अखंडता पातळी ही संकल्पना वापरतात. अभियंते तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘सिल’ म्हणतात. ज्या यंत्रणेला वर्षातून एकदाहून अधिक कृती करण्याची वेळ येत नाही, तिच्या बाबतीत ‘मागणीच्या क्षणी ती निकामी असण्याची सरासरी संभाव्यता’ मोजली जाते. ही संभाव्यता दहात एक ते शंभरात एक यांच्या दरम्यान असेल तर पातळी १, शंभरात एक ते हजारात एक असेल तर पातळी २, हजारात एक ते दहा हजारांत एक असेल तर पातळी ३. चौथी पातळी याहून दसपट कठोर असून प्रक्रिया उद्योगांत ती क्वचितच आढळते. ही संभाव्यता दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, अप्रकट घातक बिघाडाचा वार्षिक दर. दुसरी, दोन चाचण्यांमधील काळ. सर्वांत साध्या रचनेत या दोहोंचा गुणाकार करून निम्मा केला की उत्तर मिळते.

एक हिशेब करून पाहू. एखाद्या संरक्षक कार्याचा असा बिघाडदर वर्षाला ०.०१ आहे आणि त्याची संपूर्ण चाचणी दरवर्षीच्या वार्षिक बंदमध्ये होते. मग निकामी असण्याची सरासरी संभाव्यता ०.००५, म्हणजेच पातळी २. आता व्यवस्थापनाने उत्पादनवाढीसाठी मोठा बंद तीन वर्षांतून एकदा घेण्याचे ठरवले. संभाव्यता ०.०१५ झाली आणि यंत्रणा पातळी १ वर उतरली. एकही तार हलली नाही, एकही उपकरण बदलले नाही, नकाशात रेघही ओढली गेली नाही, तरी संरक्षण तिपटीने दुबळे झाले. बदल या शब्दाची व्याप्ती किती मोठी आहे, हे यावरून ध्यानात यावे. माझ्या मते या विषयाचे मर्म इथेच आहे. संरक्षक यंत्रणेला मिळालेले प्रमाणपत्र तिच्या भोवतालच्या परिस्थितीलाही धरून असते आणि ती परिस्थिती बदलली की यंत्रणेला हात न लावताही ते प्रमाणपत्र कालबाह्य होते.

बदलाकडे संशयाने पाहण्याची परंपरा बाष्पकांपासून सुरू होते. १८६३ मध्ये कलकत्त्यात बाष्पकाचा प्राणघातक स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बाष्पक तपासणीचा कायदा झाला. १९२३ च्या भारतीय बॉयलर अधिनियमाच्या कलम १२ ने असा दंडक घातला की, नोंदणीकृत बाष्पकात मुख्य निरीक्षकांच्या लेखी मंजुरीवाचून कोणताही संरचनात्मक फेरफार, भर किंवा नूतनीकरण करता येणार नाही. आधी मंजुरी आणि मग बदल हा क्रम शंभर वर्षांपूर्वीच आपल्या कायद्यात आला होता, याची जाण ठेवली पाहिजे. मात्र तो बाष्पकाच्या पोलादी देहापुरता होता. त्याला राखणाऱ्या विद्युत यंत्रणांचा विचार फार उशिरा झाला.

जगाला हा धडा इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील दुर्घटनेने दिला. तेथे सायक्लोहेक्झेनचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या सहा अभिक्रियापात्रांची ओळ होती. १९७४ च्या मार्चअखेरीस पाचव्या पात्राला चीर आढळली. ते पात्र काढून चौथे व सहावे पात्र एका तात्पुरत्या नळीने जोडण्यात आले. पात्रांची तोंडे २८ इंचांची असताना नळी २० इंचांची होती आणि तिच्या दोन्ही टोकांना लवचीक बेलोज होते. तिचा रीतसर आराखडा झालाच नाही. कार्यशाळेच्या फरशीवर खडूने पूर्ण आकाराची आकृती काढून ती तयार करण्यात आली. कारखान्यातील प्रमुख अभियंत्याचे पद त्या वेळी रिकामे होते. १ जून १९७४ रोजी ही नळी निखळली, बाष्पाचा प्रचंड ढग पसरून पेटला आणि २८ जण मृत्युमुखी पडले. तो शनिवार होता. कामाच्या दिवशी कार्यालये भरलेली असती तर मृतांची संख्या कितीतरी अधिक झाली असती. दहा वर्षांनी भोपाळमध्ये २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री जे घडले त्यामागेही अशा बदलांची मालिका होती. मिथिल आयसोसायनेट थंड ठेवणारी शीतन यंत्रणा बंद केलेली होती आणि वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी सुटी केलेली होती. प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर किरकोळ वाटावा असा होता. सर्व निर्णयांचा एकत्रित परिणाम मात्र कोणी तपासला नव्हता.

ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी मंडळाने १९८७ मध्ये प्रोग्रॅमक्षम यंत्रणांसाठी मार्गदर्शिका काढली आणि १९९५ मध्ये नियंत्रण यंत्रणांच्या अपयशाने घडलेल्या ३४ अपघातांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यातील आकडे आजही प्रत्येक अभियंत्याने लक्षात ठेवावेत असे आहेत. ४४.१ टक्के अपघातांचे मूळ अपुऱ्या विनिर्देशांत, म्हणजे यंत्रणेने नेमके काय करावे हे नीट न ठरवण्यात होते. दुसरा क्रमांक होता कार्यान्वयनानंतर केलेल्या बदलांचा आणि त्यांचा वाटा होता २०.६ टक्के. उभारणी व कार्यान्वयनातील दोषांचा वाटा याउलट केवळ ५.९ टक्के निघाला. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने पुढे १९९८ ते २००० या काळात ६१५०८ क्रमांकाचे मूळ मानक प्रसिद्ध केले, २०१० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. प्रक्रिया उद्योगांसाठीचे ६१५११ हे मानक २००३ मध्ये आले व २०१६ मध्ये सुधारले गेले. या दोन्ही मानकांत संरक्षक यंत्रणेचे संपूर्ण जीवनचक्र कल्पिलेले आहे आणि बदल हा त्या चक्रातील एक स्वतंत्र टप्पा मानलेला आहे. बदल झाला की चक्रात योग्य त्या जागी मागे जायचे आणि तिथून पुन्हा सर्व पायऱ्या उतरत यायच्या, अशी ही योजना आहे.

आता आपल्या जिल्ह्यातील उद्योगांकडे वळू. पुढील उदाहरणे कोणत्याही एका कारखान्यात घडलेली नाहीत. त्या त्या उद्योगाच्या प्रक्रियेतून ती स्वाभाविकपणे निघतात.

सिमेंट कारखान्यातील सर्वाधिक संवेदनशील विभाग म्हणजे कोळसा गिरणी. इथे कोळसा दळून पिठासारखा बारीक करतात, उष्ण वायूने तो सुकवतात आणि पिशव्यांच्या गाळणीत गोळा करून भट्टीकडे पाठवतात. बारीक कोळसा साचून राहिला की आपोआप तापू लागतो. तापमान वाढण्याच्या बरेच आधी कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढते, म्हणून गाळणीवर व साठवण कोठीवर या वायूचे विश्लेषक बसवलेले असतात. प्रमाण ठरावीक मर्यादेपुढे गेले की गिरणी थांबते, उष्ण वायूचे दमकळे मिटतात आणि कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन सोडून आतला ऑक्सिजन सुमारे १२ टक्क्यांखाली आणला जातो. एवढे करूनही स्फोट झालाच तर स्फोटपटले फाटून दाब बाहेर जातो.

या विभागात बदल नेहमी होतात, कारण इंधनाचे भाव बदलतात. पेटकोक (पेट्रोलियम कोक) स्वस्त असतो तेव्हा तो वापरतात, महाग झाला की कोळशाकडे वळतात. पेटकोकमध्ये बाष्पशील घटक सुमारे १० टक्के असतात. वर्धा खोऱ्यातील कोळशात ते त्याच्या दुपटीहून अधिक असतात आणि हा कोळसा आपोआप तापण्याची प्रवृत्तीही अधिक असते. पेटकोक गृहीत धरून ठरवलेल्या मर्यादा, विश्लेषकाला मिळणारा वेळ, स्फोटपटलांचे क्षेत्रफळ या साऱ्यांचा अशा वेळी नव्याने विचार करावा लागतो. खरेदी विभागाच्या दृष्टीने हा निव्वळ पुरवठादाराचा बदल असतो. संरक्षक यंत्रणेच्या दृष्टीने मात्र धोक्याचे स्वरूपच बदललेले असते. पऱ्हाटी आणि इतर शेतावशेष पर्यायी इंधन म्हणून जाळण्याकडे आता देशभर कल आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण पऱ्हाटीचा ओलावा दर खेपेला निराळा असतो आणि तिची भुकटीही ज्वालाग्राही असते. त्या मार्गाचे धोका-विश्लेषण स्वतंत्रपणे झाले पाहिजे.

गाळणी मोठी केली तरी हाच प्रश्न उभा राहतो. गाळणीचे आकारमान दीडपट झाले आणि कार्बन डायऑक्साइडच्या टाक्या पूर्वीइतक्याच राहिल्या तर वायू सुटेल, घंटा वाजेल, पडद्यावर क्रिया पूर्ण झाल्याची खूणही उमटेल, पण ऑक्सिजन आवश्यक तेवढा उतरणार नाही. सिमेंट उद्योगात असाच आणखी एक व्यापक बदल झाला आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये केंद्र सरकारने धूलिकणांच्या उत्सर्जनाचे निकष कडक केल्यानंतर अनेक जुन्या कारखान्यांनी स्थिरविद्युत अवक्षेपक काढून पिशव्यांच्या गाळण्या बसवल्या. अवक्षेपकात उच्च दाबाची वीज असल्याने कार्बन मोनॉक्साइड वाढताच ती तोडणे हे मुख्य संरक्षण होते. पिशव्यांच्या गाळणीत ती वीजच नसते. तिथे काचतंतूच्या पिशव्या सुमारे २६० अंश सेल्सिअसपलीकडे टिकत नाहीत, म्हणून तापमानाचे संरक्षण मुख्य ठरते. जुना इंटरलॉक तसाच ठेवून नवे यंत्र जोडणे हा इथे गंभीर प्रमाद ठरेल.

याहूनही सूक्ष्म बदल एका उपकरणाच्या जागी दुसरे बसवताना होतो. कोळसा गिरणीच्या गाळणीतील तापमापकाची कक्षा ० ते १०० अंश आहे आणि ८० अंशांवर ट्रिप ठरलेली आहे असे समजू. ४ ते २० मिलिअँपिअरच्या प्रचलित संकेतपद्धतीत ८० अंश म्हणजे १६.८ मिलिअँपिअर. तापमापक बिघडला, भांडारात तोच नमुना नव्हता, म्हणून ० ते २०० अंश कक्षेचा बसवला. तर्क घटकातील मर्यादा १६.८ वरच राहिली. नव्या तापमापकाच्या हिशेबाने हा संकेत १६० अंशांचा होतो. म्हणजे ट्रिप ८० ऐवजी १६० अंशांवर होईल, आणि तोवर कोळशाची भुकटी पेटून गेलेली असेल. मानकांनुसार हुबेहूब तशाच उपकरणाची अदलाबदल ही बदल मानली जात नाही. या सवलतीचा आधार घेण्यापूर्वी ‘हुबेहूब’ म्हणजे काय ते लिहून ठेवले पाहिजे. कक्षा, प्रतिसादाचा वेळ, बिघडल्यावर संकेत वर जातो की खाली, आज्ञावलीची आवृत्ती, या सर्व बाबतींत समानता हवी.

कापसाच्या कारखान्यांचा विचार मी थोडा विस्ताराने करतो, कारण जिल्ह्यात त्यांची संख्या मोठी असून या दृष्टीने त्यांच्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्यातील चौथ्या उपअभियानातून जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचे आधुनिकीकरण झाले. त्यापूर्वी मजूर टोपल्यांतून कापूस जिनपर्यंत नेत, रुई हाताने उचलली जाई. ही पद्धत कष्टाची आणि मालात कचरा मिसळू देणारी होती. आता कापूस शोषनळांतून जिनवर येतो आणि रुई हवेच्या झोताने किंवा पट्ट्यांवरून प्रेसकडे जाते. रुई स्वच्छ झाली, गाठींचा दर्जा सुधारला, मजुरांच्या छातीत जाणारी धूळ कमी झाली. या अभियानाने विदर्भातील कापसाला मोठाच लाभ दिला, यात शंका नाही.

परंतु आगीचा मार्गही त्याबरोबर बदलला. कापसात आलेला खिळा, तार किंवा दगड रोलरवर घासून ठिणगी पडली, तर पूर्वी ती आग एका जिनपाशी दिसत असे आणि तिथेच विझवता येई. आता हवेचा झोत जळती रुई सेकंदाला सुमारे १५ ते २० मीटर वेगाने पुढे नेतो. तीस मीटरच्या नळाला दोन सेकंद पुरतात. तेवढ्यात ठिणगीशोधकाने ओळखावे, तर्क घटकाने ठरवावे आणि वळण-झडपेने माल बाहेरच्या मोकळ्या जागेत टाकावा, अशी अपेक्षा असते. पंखा अधिक शक्तीचा बसवला किंवा जागेच्या सोयीसाठी शोधक झडपेच्या जवळ सरकवला, की हा वेळ आटतो आणि यंत्रणा वेळेत पोहोचत नाही. सुरक्षित अवस्था कोणती, हा प्रश्नही नव्याने सोडवावा लागतो. आगीचा संकेत मिळताच पंखा थांबवणे हे पूर्वी योग्य वाटत असेल, पण हवाई वहनात पंखा थांबला तर जळती रुई नळातच अडकून धुमसत राहते. माल वळवणे, जिनला होणारा पुरवठा तोडणे आणि नळ रिकामा झाल्यावरच पंखा थांबवणे, असा क्रम तेथे लागू शकतो. आग नजरेतून निसटून १७० किलोच्या गाठीत दाबली गेली तर ती आत कित्येक दिवस धुमसते आणि गोदामात उफाळून येते.

साखर कारखान्यांविषयी थोडक्यात एवढेच. सहवीजनिर्मितीसाठी राज्यातील अनेक कारखान्यांनी दर चौरस सेंटिमीटरला २१ किलोच्या आसपास दाब असलेली जुनी बाष्पके काढून ६७, ८७ किंवा ११० किलो दाबाची बसवली. २१ किलो दाबाला उकळत्या पाण्याची घनता दर घनमीटरला सुमारे ८५० किलो असते. ८७ किलो दाबाला ती सुमारे ७१० पर्यंत उतरते. दाबफरकावरून पाण्याची पातळी मोजणाऱ्या उपकरणाला ही दुरुस्ती दिली नाही तर ते चुकीची पातळी दाखवील आणि पाणी कमी झाल्याची ट्रिप त्याच चुकीच्या आकड्यावर अवलंबून राहील. बाष्पकाच्या बदलाला कायद्याने मंजुरी लागतेच. पातळीमापकाच्या सेटिंगकडे मात्र कारखान्यालाच लक्ष द्यावे लागते.

कोळसा खाणींत संरक्षणाचे अनेक निकष थेट नियमांतच दिलेले आहेत. भूमिगत खाणीत मिथेनचे प्रमाण १.२५ टक्क्यांपुढे गेले की त्या ठिकाणचा वीजपुरवठा तोडावा लागतो. खाणकामाचे वैशिष्ट्य असे की तेथे बदल अपवादाने होत नाही, तो नित्याचा असतो. काम रोज पुढे सरकते, त्याबरोबर वायुवीजनाची दिशा बदलते आणि काल योग्य जागी असलेला वायुमापक आज प्रवाहाबाहेर पडतो. कोळसा हाताळणी केंद्रात पट्टावाहक साठ मीटर वाढवला आणि पुल कॉर्ड जुन्या टोकालाच संपली, तर त्या साठ मीटरांत अडकलेल्या कामगाराला ओढायला दोरीच नसते. अशा ठिकाणी पुनर्मूल्यांकन विशेष प्रसंगी करून चालत नाही. पाळीच्या कामकाजातच ते बसवावे लागते.

पुनर्मूल्यांकनाची पद्धत अशी आहे. बदलाची मागणी लेखी येते आणि तिच्यात कारण नमूद असते. त्यानंतर परिणाम-विश्लेषण होते. या बदलामुळे नवा धोका निर्माण होतो का, जुना वाढतो का, कोणत्या संरक्षक कार्यांची गृहीतके ढळतात, हे तपासले जाते. संबंधित भागाचे धोका-विश्लेषण पुन्हा केले जाते आणि त्यानुसार सुरक्षा गरजांचे विवरणपत्र सुधारले जाते. हे विवरणपत्र या साऱ्या कामाचा पाया आहे. कोणत्या प्रसंगी, किती वेळात, कोणती कृती, कोणत्या पातळीच्या भरवशाने व्हावी, हे त्यात लिहिलेले असते. ज्या कारखान्यात असे विवरणपत्रच नाही, तेथे बदलाचे मूल्यमापन कशाच्या तुलनेत करायचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. म्हणून अशा कारखान्याने पहिल्या बदलाच्या निमित्ताने ते तयार करावे, असे मी आग्रहाने सुचवीन. पुढे आरेखन, पडताळणी आणि शेवटी प्रत्यक्ष संयंत्रावर प्रमाणीकरण होते. ६१५११ या मानकाने कार्यात्मक सुरक्षेच्या मूल्यमापनाचे पाच टप्पे सांगितले असून, बदलानंतरचे मूल्यमापन पाचव्या टप्प्यात येते. यंत्रणा मोडीत काढण्यापूर्वीचे मूल्यमापनही याच टप्प्यात आहे. मूल्यमापन करणाऱ्या गटात त्या कामात स्वतः न गुंतलेली किमान एक ज्येष्ठ जाणकार व्यक्ती असावी लागते. आपण केलेल्या आरेखनातील दोष आपल्याला दिसत नाहीत, या मानवी मर्यादेची ही रास्त दखल आहे.

यांतील प्रमाणीकरण हा भाग सर्वाधिक टाळला जातो. तर्क घटकात खोटा संकेत घालून पडद्यावर लाल दिवा लागला की चाचणी झाली, असे समजण्याची प्रथा आहे. तिने फक्त मधली कडी तपासली जाते. संवेदकाच्या तोंडाशी खरी राशी निर्माण करून, म्हणजे विश्लेषकाला प्रमाणित वायू देऊन किंवा तापमापक तप्त कुंडात बुडवून, दमकळा प्रत्यक्ष मिटतो का आणि किती सेकंदांत मिटतो, हे घड्याळ लावून पाहणे म्हणजे संपूर्ण चाचणी. चाचणीनंतर सर्व काही पूर्ववत झाले की नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमधील बन्सफील्ड येथे पेट्रोलची टाकी भरून वाहिली आणि प्रचंड स्फोट झाला. टाकीचा पातळीमापक अडकला होता. शेवटचा आधार असलेला उच्चपातळी स्विच २००४ मध्ये नवा बसवलेला होता. त्याची चाचणी-तरफ योग्य स्थितीत धरून ठेवण्यासाठी कुलूप आवश्यक होते. त्या कुलपाचा उद्देश कोणाला ठाऊक नसल्याने ते लावलेच गेले नव्हते आणि स्विच निकामी राहिला. त्यात भर म्हणजे शेवटच्या काळात टाकीत येणारा प्रवाह ताशी ५५० घनमीटरवरून सुमारे ८९० पर्यंत वाढला होता.

यवतमाळच्या परिस्थितीत मूल्यमापकाने आणखी काही गोष्टी पाहिल्या पाहिजेत. वणी-मुकुटबन पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. पत्र्याच्या छपराखाली उन्हात उभ्या असलेल्या पॅनलच्या आतले तापमान त्याहून बरेच अधिक असते. ५५ किंवा ६० अंशांची मर्यादा असलेली उपकरणे तिथे आपल्या टोकाला पोहोचतात आणि त्यांचा बिघाडदर पुस्तकातील दरापेक्षा वाढतो. पॅनल वातानुकूलित खोलीतून बाहेर हलवणे हादेखील म्हणूनच सुरक्षेचा बदल आहे. जिनमध्ये उडणारे तंतू ठिणगीशोधकाच्या काचेवर बसतात, चुन्याची धूळ स्विचच्या सांध्यांत घट्ट होते. विजेचा दाब क्षणभर उतरला तरी यंत्रणा निष्कारण ट्रिप होते. अशा ट्रिप वारंवार झाल्या की कोणीतरी जम्पर टाकून तो इंटरलॉक बायपास करतो. बायपास हा सर्वांत धोकादायक बदल होय, कारण तो तात्पुरता म्हणून केला जातो आणि त्याची नोंद क्वचितच होते. प्रत्येक बायपासला मुदत, जबाबदार अधिकारी आणि पर्यायी दक्षता लिहून दिल्याशिवाय परवानगी देऊ नये. वारंवार होणाऱ्या निष्कारण ट्रिपचे मूळ शोधणे हेही संरक्षणाचेच काम आहे.

आज्ञावलीतील बदल डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे त्याची शिस्त अधिक कडक असावी. २०१७ मध्ये सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन कारखान्यात ट्रायटन नावाच्या दुष्ट आज्ञावलीने थेट सुरक्षा नियंत्रकालाच लक्ष्य केले. दूरस्थ देखभालीसाठी संरक्षक यंत्रणा बाहेरच्या जाळ्याला जोडणे हा यापुढे मूल्यमापनाशिवाय करण्याचा बदल राहिलेला नाही.

भारतीय कायद्यात भोपाळनंतर मोठी भर पडली. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले. १९८९ च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांनी असे बंधन घातले की, ज्या उद्योगाने सुरक्षा अहवाल दिलेला आहे, त्याने त्या अहवालातील तपशिलांवर परिणाम होईल असा बदल करण्याच्या किमान ९० दिवस आधी सुधारित अहवाल संबंधित प्राधिकाऱ्याला पाठवला पाहिजे. हा नियम दूरदृष्टीचा आहे. पण तो ठरावीक रसायनांच्या ठरावीक साठ्यांना लागू होतो. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक जिनिंग-प्रेसिंग कारखाने व लहान भट्ट्या त्याच्या कक्षेत येतच नाहीत. तिथे बदलाचे मूल्यमापन ही आजतरी मालक व अभियंते यांच्या विवेकावर सोपवलेली गोष्ट आहे.

म्हणून या क्षेत्रातील मराठी अभियंत्यांना एक विनंती आहे. संरक्षक यंत्रणांची विवरणपत्रे आणि चाचणीच्या कृतिपत्रिका जवळजवळ सर्वत्र इंग्रजीत असतात, तर रात्रपाळीत पॅनलसमोर उभा असलेला कामगार मराठी किंवा हिंदी वाचतो, आणि झरी जामणीसारख्या सीमेवरच्या तालुक्यात तेलुगू, गोंडी वा कोलामी बोलतो. बन्सफील्डचे कुलूप कशासाठी आहे हे माहीत नसल्यामुळे लावले गेले नव्हते, हे विसरता येणार नाही. प्रत्येक कारखान्याने आपल्या संरक्षक कार्यांची यादी, त्यांच्या मर्यादा, त्यामागची कारणे आणि चाचणीची रीत मराठीत लिहून काढावी आणि प्रत्येक बदलानंतर ती सुधारावी. यवतमाळचे शासकीय तंत्रनिकेतन, जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय आणि जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी हा विषय अभ्यासक्रमात आणावा आणि आपल्या विद्यार्थ्यांना जवळच्या कारखान्यात एक तरी संपूर्ण चाचणी, संवेदकापासून झडपेपर्यंत, डोळ्यांनी पाहण्याची संधी द्यावी.